सतरा तारखेची रात्र

मुर्री, २४ जानेवारी १९५५

ती. शालीकभाऊंस,
रुख्माचा नमस्कार.

मागच्या कार्डात माझी एक चूक झाली, ती आधी सुधारते. मायला बारीक आकडे दिसत नाहीत, तरी मोठ्या आकड्यांचे गजराचे घड्याळ पाहावे, असे मी लिहिले होते. खरे असे आहे की तिला आकडे ओळखताच येत नाहीत, मोठे असोत की बारीक. काल पाटीवर सात काढून दाखवला तर म्हणाली, "हा कोण होय?" या घरात शाळेत गेलेली मी पहिली. सात वर्षे गेले, आणि आपल्या आईला सात ओळखता येतो का, हे एकदाही विचारले नाही. मोतीबिंदू आहे तो वेगळाच. तुम्ही कामाला आहात त्या दुकानात घड्याळ पाहाल तेव्हा दोन्ही गोष्टी ध्यानात असाव्यात.

घड्याळ कशासाठी हवे तेही नीट लिहिले नव्हते. दुधरामदादाला टाटानगरचा डॉक्टर मुंबईकडच्या क्षयाच्या इस्पितळात पाठवत आहे. दादाच्या सोबत्याने त्याच्या सांगण्यावरून हिंदीत पत्र लिहिले आहे. त्यातले शब्द जसेच्या तसे देते: "ता. १७ फरवरी को रात १ बजकर ५० मिनट पर मेल गोंदिया पहुँचेगी, दस मिनट रुकेगी." त्याला उतरता येणार नाही. म्हणजे १७ च्या रात्री आम्हाला दहा मिनिटे मिळतील. माय त्याला दोन वर्षांनी पाहणार.

जागेच राहू म्हटले तर माय ऐकत नाही. म्हणते, "जागरणानं डोरे सुजतेत. सुजल्या डोऱ्यानं माहा पोरगा कसा पाहू?" आणि मी उठवीन म्हटले तर त्यावरही विश्वास नाही. "तुही झोप दगडाची." तेव्हा घड्याळ असे हवे की तिला स्वतःला चाबी देता येईल आणि स्वतःला बंद करता येईल. कवडूकाकांची बैलबंडी आहे. स्टेशन अर्ध्या तासावर. साडेबाराला उठलो तरी पुरे.

आपली,
रुख्मा


नागपूर, ३० जानेवारी १९५५

चि. रुख्मास आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या दुकानाचे मालक दुलीचंद शेठ, त्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ऐसा गाहक पहली बार देखा, जो घड़ी से पहले माँ का हाल लिखता है."

दुकानात तीन घड्याळं आहेत. एक जर्मन, पाकिटासारखं मिटतं. दिसायला नवरी, पण गजर म्हणजे कानाशी डास. दुसऱ्याचे काटे रेडियमचे, अंधारात चमकतात. पण पाठीवर चार चाब्या, त्यातली वेळेची कोणती न् गजराची कोणती, हे मलाच वाकून पाहावं लागतं. मावशीनं काय करावं? तिसरं बुटकं आहे, जाड पायांचं, डोक्यावर दोन घंटा. रूप नाही, पण आवाज असा की शेजारचा उठून तुम्हाला शिव्या देईल. तेच पाठवतो.

त्याची काच मी काढून टाकली आहे. दर आकड्यावर कथील वितळवून डाकाचा एक थेंब ठेवला, बाराच्या जागी दोन. मावशीनं बोटानं चाचपलं की वेळ कळते. गजराच्या चाबीला सुती दोरा गुंडाळला आहे, म्हणजे हात चुकणार नाही. गजर साडेबारावर लावूनच देतो. तिला फक्त वरचा खटका उचलायचा. खटका मुद्दाम घट्ट ठेवला आहे. जे घड्याळ झोपल्या झोपल्या बंद होतं, ते घड्याळ नव्हे, पाळणा होय. आणि खटका उचलायचा तो संध्याकाळी. सकाळी उचलला तर भर दुपारी बोंबलेल.

आदल्या रात्री एकदा तालीम करून पाहा. यंत्रावर पहिल्या दिवशी भरवसा ठेवू नये. गाडी इकडे पहाटे पोचते, मीही स्टेशनवर जाईन.

तुझा,
शालीकभाऊ


मुर्री, गुरुवार, १७ फेब्रुवारी १९५५, दुपार

ती. शालीकभाऊंस,
नमस्कार.

पार्सल मागच्या शनिवारीच पोचले. पोच लगेच पाठवायला हवी होती, राहिली. माफी असावी.

मायने घड्याळाला हळदकुंकू लावले. थेंब चाचपायला ती दोन दिवसांत शिकली. विचारत होती, "काऊन वो, मोठा काटा पळून राहिला अन् लहान बसून राहिला, कायले?" मी सांगायच्या आधीच स्वतःच म्हणाली, "समजलं. मालक बसून राह्यते, नोकर पळते." आता दर थोड्या वेळाने हात लावते आणि मला वेळ सांगते. काल कवडूकाका आले तर म्हणाली, "पावणेचार झाले गा. चहाले आलास तं बस." काका हसून हसून बेजार. मायला म्हणाले, "शकुंतला, आता तू स्टेशन मास्तर होजो."

काल रात्री तुम्ही सांगितल्याप्रमाणे तालीम केली. साडेबाराला गजर झाला. माझ्या आधी माय उठली आणि तिनेच खटका दाबला. मग ती निजलीच नाही. दोनच्या सुमारास मेलची शिटी ऐकू आली. इथवर स्पष्ट येते. माय उठून बसली आणि म्हणाली, "आयकलं का वो? उद्या ह्याच गाडीत माहा दुधराम." गाडी निघून जाईपर्यंत ती दाराकडे तोंड करून हसत होती.

तिळाचे लाडू बांधले आहेत. दादाला खाऊ देतील की नाही ठाऊक नाही. आज रात्री बंडी जुंपायची. पत्र आत्ताच टपालात टाकते, म्हणजे तुमचे घड्याळ अगदी बरोबर चालते हे तुम्हाला लवकर कळेल.

आपली,
रुख्मा


नागपूर, १७ फेब्रुवारी १९५५, सकाळ

चि. रुख्मा,

आज पहाटे स्टेशनवर दुधराम भेटला. फार वाळला आहे, पण शुद्धीत आहे, बोलला. गोंदियाला कोणीच आलं नाही म्हणून सांगत होता. काय झालं? घड्याळ वाजलं नाही का? उलट टपाली लिही.

शालीकभाऊ


मुर्री, २१ फेब्रुवारी १९५५

ती. शालीकभाऊंस,
नमस्कार.

कार्ड पोचले. घड्याळ वाजले नाही.

रुख्मा


नागपूर, २६ फेब्रुवारी १९५५

चि. रुख्मास आशीर्वाद.

तू वाजलं नाही म्हणतेस, तर नाही वाजलं. असतं एखादं. कमानी अडकते. दोष माझा, मी निवडलं होतं. मावशीला तसंच सांग.

त्या दिवशी घाईत लिहिलं नाही, ते आता लिहितो. दुधराम डोंगरगडपासून बसून होता. सोबतचा माणूस पड म्हणत होता, पण मायनं आपल्याला पडलेलं पाहू नये म्हणून तो बसला. धुतलेला सदरा घातला होता. गोंदियाला दहा मिनिटं खिडकीबाहेर हात काढून होता. मला म्हणाला, "शालीक, माय ह्या बिमारीले भ्याली का रे?" मी म्हटलं, "येडा होय का? मावशीले ताप हाये." मग तो आडवा झाला. मी खोटं बोललो, पण त्याच्या तोंडावर जे दिसलं ते पाहून तूही तेच बोलली असतीस.

त्याला तुमचं पत्र जाऊ दे. तापाचं लिही, म्हणजे माझ्याशी जुळेल.

शालीकभाऊ


मुर्री, ८ मार्च १९५५

ती. शालीकभाऊंस,
नमस्कार.

२१ तारखेच्या कार्डात मी खोटे लिहिले. घड्याळ वाजले. दोन्ही रात्री साडेबाराला वाजले. तुम्ही दोष स्वतःवर घेतला ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

चूक माझी आहे. "१७ को रात १ बजकर ५० मिनट" याचा अर्थ मी सतराचा दिवस मावळल्यानंतरची रात्र असा केला. आपल्याकडे रात्र मागच्या दिवसाची. रेल्वेत तसे नाही. ज्या रात्री आम्ही तालीम केली तीच ती रात्र होती. माय दाराकडे पाहून हसत होती तेव्हा दादा स्टेशनवर हात बाहेर काढून होता.

दुसऱ्या रात्री आम्ही वेळेआधी पोचलो. गाडी आली. काकांनी कंदील धरला आणि मायने एकेक खिडकी हाताने चाचपली. लोक ओरडत होते. एकाने म्हटले, "बुढ़िया, क्या ढूँढ़ रही है?" ती म्हणाली, "पोरगा." गाडी सुटली तेव्हा तीन डबे राहिले होते.

यापुढचे लिहायला मला सोळा दिवस लागले. तुमचे कार्ड आले तेव्हा माय समोर बसली होती. म्हणाली, "वाच." मी वाचले. "स्टेशनवर दुधराम भेटला." तुम्ही "आज पहाटे" लिहिले होते. ते दोन शब्द मी वाचले नाहीत. गोंदियाला कोणी आले नाही हे वाक्यही वाचले नाही. मला वाटले, तो नागपूरला पोचला एवढे ऐकून तिला बरे वाटेल. तिने घड्याळाच्या थेंबांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे तो गाडीतच होता. मी त्याच्या खिडकीजवळून गेली, अन् मले दिसला नाई. घडी खरी होती वो. डोरे खोटे निघाले."

तेव्हापासून ती हेच म्हणते. मी गप्प बसते.

दादाला मी तापाचे लिहिले. आता मी तिघांशी खोटी आहे.

रुख्मा


नागपूर, १३ मार्च १९५५

चि. रुख्मास आशीर्वाद.

मला १९ तारखेलाच कळलं होतं. तुझं १७ चं पत्र त्या दिवशी मिळालं. "आज रात्री बंडी जुंपायची" वाचलं अन् वरची तारीख पुन्हा पाहिली. मग तुझं कार्ड आलं, घड्याळ वाजलं नाही म्हणून. मी म्हटलं, पोरीला हाच आधार हवा असेल तर असू दे. घड्याळाला काय, त्याला थोडंच वाईट वाटतं.

पण माझंही ऐक. "म्हणजे १७ च्या रात्री" हे तू जानेवारीतच लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं. इकडे गाडी पहाटेची, अन् पहाट त्याच तारखेची, म्हणून मी बरोबर दिवशी गेलो. दिवसभर घड्याळं उघडून बसणारा मी, मला खटकलं नाही, कारण मीही खेड्यातलाच. आपला दिवस कोंबडा उलटवतो, रेल्वेचा रात्री बाराला उलटतो. शेठ म्हणतात, या एका गोष्टीनं दरसाल एखादी वरात तरी स्टेशनवर बसून राहते. ते हसण्यावारी नेतात. मला आता हसू येत नाही.

मावशीला सांग. ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. अन् तिला घेऊन ये. मी रजा मागितली आहे, नागपूरहून तुमच्यासोबत दुधरामकडे येईन. तिनं त्याच्या अंगावरून हात फिरवला म्हणजे कोणती रात्र न् कोणती तारीख, सगळं मिटेल. पण उशीर करू नको. तिथल्या कंपाउंडरचं पत्र चांगलं नाही.

शालीकभाऊ


मुर्री, ४ एप्रिल १९५५

ती. शालीकभाऊंस,

तार तुम्हालाही गेली असेल. आमच्याकडे २८ ला, सोमवारी दुपारी आली. तारवाल्याची सायकल दारात थांबली आणि मायने सुपातले तांदूळ खाली ठेवले. वाचून दाखवायची गरज पडली नाही.

तुमचे पत्र आल्यावर मी रोज सांगायचे ठरवले होते. रोज तिच्याजवळ जाऊन बसले. एक दिवस ती म्हणाली, "काय गोष्ट होय वो, तोंड उतरलं?" मी म्हटले, डोके दुखते. तिने तेल लावून दिले. असे पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत आम्ही जाऊन आलो असतो. हे मी कोणाला विचारून लिहीत नाही, मला ठाऊक आहे.

आता आणखी एक झाले आहे. गोंदियाच्या धर्मशाळेत २० तारखेपासून मोतीबिंदूचे शिबिर आहे. बाहेरगावचे डॉक्टर येणार. नावे शुक्रवार १५ पर्यंत घेतील. मायचे नाव घालायचे काकांनी जानेवारीतच ठरवले होते, ती खूश होती. काल काकांनी विषय काढला तर म्हणाली, "नाई." काका म्हणाले, "फुकटात होऊन राहिलं, कायले नाई?" ती म्हणाली, "ज्या डोऱ्याले पोटचा पोरगा दिसला नाई, ते बरे करून काय पाहू? तुही दाढी?" काका रडले. मी आत होते. तांदूळ निवडत होते.

डॉक्टर पुढच्या वर्षी येतील की नाही, कोणी सांगत नाही. वैद्य म्हणतो, वर्षभरात उजेडही दिसायचा नाही.

रुख्मा


नागपूर, ७ एप्रिल १९५५

चि. रुख्मा,

दुधराम अन् मी एकाच तळ्यात पोहायला शिकलो. तो मला धरून ठेवायचा अन् मध्येच सोडून द्यायचा. तार आल्यापासून मी दुकानात घड्याळ उघडतो अन् तसंच ठेवून देतो.

मावशीचं वाचलं. मी एक उपाय सांगतो, रागावू नको. मी मावशीच्या नावानं पत्र लिहितो. लिहितो की दुधरामच्या डब्याच्या खिडक्या डॉक्टरच्या हुकमानं बंद होत्या, वारा लागू नये म्हणून. आत दिवाही नव्हता. चांगल्या डोळ्याच्या माणसालाही तो दिसला नसता. एवढ्यानं तिच्या मनातला काटा निघेल, ती शिबिराला जाईल. तुझं नाव कुठंच येणार नाही. तो तर गेला. आता खरं सांगून कोणाला काय मिळायचं? तेरवी शनिवारी आहे ना? त्याआधी पत्र पोचतं करतो. तू फक्त हो म्हण.

शालीकभाऊ


मुर्री, रविवार, १० एप्रिल १९५५

ती. शालीकभाऊंस,
नमस्कार.

तुमचे पत्र काल, तेरवीच्या पंगती चालू असताना मिळाले. रात्रभर मी त्याचा विचार केला. लबाडी करून सांगत नाही, पहाटेपर्यंत माझे उत्तर हो असेच होते. तुमच्या उपायाने माय शिबिराला गेली असती, आणि मी तिच्याजवळ होते तशीच राहिले असते.

पण ते पत्र तिला कोण वाचून दाखवणार? मीच. या घरात दुसरे कोणी वाचत नाही. खिडक्या बंद होत्या हे तुम्ही लिहिले तरी ते माझ्याच तोंडून जाणार. मागच्या वेळी मी दोन शब्द गाळले, त्यातून एवढे झाले. आता अख्खे पत्र खोटे वाचू का? सकाळी मायने विचारले, "शालीकनं काय लिहिलं?" मी म्हटले, वेळ मिळाला की वाचते. ती म्हणाली, "वाचजो. तू वाचून राहिली का मले बरं वाटते. बाकीचे लोक मनाचं घालतेत."

तुम्ही म्हणता खरे सांगून काय मिळायचे. मला वाटते तिला तिचे डोळे मिळतील. डोळ्यांनी दगा दिला नाही, खिडकीत तो नव्हताच, हे तिला कळेल. त्यासोबत दुसरेही कळेल. तो आदल्या रात्री आला होता, आपण घरी बसून त्याची गाडी ऐकली, तो डोंगरगडपासून बसून होता. हे मी गाळणार नाही. आणि वाचणारी मी होते, चुकले ते माझे, हे सगळ्यात आधी सांगेन. मी पुस्तक हातात घेतले की ती शेजारणींना गप्प करायची. ते कदाचित यापुढे होणार नाही. ती मला काय म्हणेल हे मी मनात शंभर वेळा ऐकले आहे. प्रत्येक वेळी वेगळे असते, एकदाही बरे नसते.

उशीर करण्याची माझी सवय तुम्हाला ठाऊक झाली आहे, म्हणून दिवस लिहून देते. मोडला तर तुम्ही विचारू शकाल. आज घर पाहुण्यांनी भरले आहे. त्यांच्यासमोर सांगितले तर ते मला सांभाळून घेतील, आणि तिला जे बोलायचे ते बोलता येणार नाही. काकांकडची मंडळी उद्या सोमवारी दुपारी दवनीवाड्याला जातील. काका त्यांना पोचवून बुधवारी परततील. मधला एक दिवस घरात आम्ही दोघीच. तिचे मन वळलेच, तर नाव घालायला बुधवार ते शुक्रवार असे तीन दिवस हाती राहतात. सकाळी न्याहारी झाल्यावर दादाचे हिंदी पत्र आणि तुमचे १७ तारखेचे कार्ड, दोन्ही घेऊन मी तिच्यासमोर बसेन आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचेन. मंगळवार, १२ एप्रिल.

आपली,
रुख्मा